घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचा क्लेम कंपनीने फेटाळला, आता पुढे काय?

खानापूर तालुक्यातून एका मुलाने विचारलंय, ते थोडक्यात असं. आई 74 वर्षांची. पक्षाघाताचा झटका आला, बेळगावच्या खासगी हॉस्पिटलात 14 दिवस होती, बिल 3 लाख 82 हजार. घरी आणल्यावर दोन महिने नाकात नळी, दिवसाला एक नर्स, फिजिओथेरपी, औषधं; त्याचा खर्च 1 लाख 10 हजार. आरोग्य विमा जून 2018 पासून एकही वर्ष न चुकवता चालू आहे. कंपनीने पूर्ण क्लेम फेटाळला. पत्रात कारणं दोन: 12 वर्षांचा बीपी लपवला, आणि घरचा खर्च म्हणजे नुसती देखभाल, उपचार नव्हे. फोनवर तिसरं कारण सांगितलं की आठव्या दिवसानंतर हॉस्पिटलात ठेवायची गरजच नव्हती. एजंट म्हणतो, "सोडून द्या साहेब, कंपनीशी कोण भांडणार."

सोडून देऊ नका. हॉस्पिटलचे पैसे मिळण्यासारखा तुमचा क्लेम आहे, असं कागद न बघताही तुम्ही सांगितलेल्या तारखांवरून मला वाटतं. घरच्या खर्चातला काही भाग मिळेल, काही मिळणार नाही. कुठला भाग मिळणार नाही तेही खाली स्पष्ट लिहिते, कारण नको त्या रकमेसाठी भांडताना हक्काची रक्कमही हातची गेलेली मी पाहिली आहे.

मी 9 वर्षं क्लेम विभागात होते. असली पत्रं तयार होतात त्या टेबलाजवळच बसायचे. त्यानंतरची 13 वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या माणसांचे फेटाळलेले क्लेम लावून द्यायचं काम करते आहे. दोन्हीकडून बघितल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली. आईचे किती हाल झाले याने फाइल हलत नाही. त्या त्या दिवशी, त्या त्या वेळी लिहिलेल्या कागदाने हलते. म्हणून दुःख सांगणारं लांबलचक पत्र लिहू नका. कागद गोळा करा.

आधी पत्र नीट वाचा

कारणं पत्रात किती आहेत ते मोजा. तुमच्या पत्रात दोन आहेत. फोनवरचं तिसरं कारण पत्रात नाही, आणि ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. क्लेम नाकारताना जे कारण पत्रात दिलं, त्याच्या बाहेरचं नवं कारण कंपनीला पुढे कोर्टात काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे फोनवरच्या कारणावर कंपनीला लेखी उत्तर देत बसू नका. आपणच ते कारण त्यांच्या हातात देऊ नये. पण त्याचा पुरावा मात्र आत्ताच गोळा करून ठेवा. तो कसा, ते पुढे सांगते.

दुसरं बघायचं ते असं. विमा नियामकाने मे 2024 मध्ये आरोग्य विम्याबद्दल एक मोठं परिपत्रक काढलं. त्यानुसार क्लेम नाकारायचा निर्णय टेबलावरचा एकटा माणूस घेऊ शकत नाही. तो कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीकडून मंजूर व्हावा लागतो, आणि पॉलिसीतली कुठली अट लागू केली ते नेमकं सांगावं लागतं. तुमच्या पत्रात कलमाचा क्रमांक आहे का? कमिटीचा उल्लेख आहे का? नसेल तर तुमच्या पहिल्याच पत्रात तो मागायचा.

बीपीचं कारण

हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा भेटतं. त्याचा उगम बहुतेक वेळा कुठे असतो सांगते. रात्री अकरा वाजता पेशंटला कॅज्युअल्टीत आणतात. शिकाऊ डॉक्टर घाईत विचारतात, बीपी किती वर्षं? घरातला जो कोण जवळ उभा असतो तो घाबरलेला. तो काहीतरी आकडा सांगतो. तो आकडा केस पेपरवर चढतो, तिथून डिस्चार्ज समरीवर, आणि तिथून कंपनीच्या पत्रात.

आपल्या भागात यात भाषेचीही भर पडते. शहापूरच्या एका विणकर घरातली फाइल माझ्याकडे आली होती. सुनेने नर्सला कानडीत सांगितलं होतं, "एरडू वर्ष." म्हणजे दोन. कागदावर चढलं 12. कानडीत बारा म्हणजे हन्नेरडू. गडबडीत, स्ट्रेचरच्या आवाजात, एवढ्या एका शब्दावर साडेचार लाखांचा क्लेम अडकला. आम्ही गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या जुन्या रजिस्टरमध्ये बीपीची पहिली गोळी सुरू केल्याची तारीख सापडली, पॉलिसी घेतल्यानंतर 14 महिन्यांची. त्या पानाची प्रत आणि डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र जोडलं. मग हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाला मूळ केस पेपर दाखवून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घेतलं. क्लेम मंजूर व्हायला 5 महिने लागले, पण झाला.

तुमच्याही आईचा 12 हा आकडा कुठून आला ते शोधा. कुणी सांगितला, कुणी लिहिला? आईला बीपीची पहिली गोळी कुणी, कधी दिली? खेड्यातल्या डॉक्टरकडे चिठ्ठी नसते, पण मेडिकलवाल्याची जुनी बिलं, सरकारी दवाखान्याचं कार्ड, कधीतरी केलेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी, यातून तारीख निघते. मोतीबिंदूच्या कागदावर "बीपी नॉर्मल" असं लिहिलेलं एकदा माझ्या फार उपयोगी पडलं होतं.

पण समजा 12 वर्षांचा बीपी खराच होता. तरीही तुमच्या पॉलिसीला आता 7 वर्षं झाली आहेत. एप्रिल 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे सलग 60 महिने हप्ते भरले की त्यानंतर "अमुक आजार सांगितला नव्हता" या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा, आणि ती सिद्ध करायची कंपनीनेच. पूर्वी ही मुदत 8 वर्षांची होती, म्हणून जुने एजंट अजूनही आठ सांगतात. आधीपासूनच्या आजाराची थांबण्याची मुदतही, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. तुमच्या बाबतीत दोन्ही मुदती उलटून गेल्या.

इथे एक गोष्ट तपासा. मध्ये कधी विम्याची रक्कम वाढवली होती का? समजा 2018 ला 3 लाख होते आणि 2022 ला 5 लाख केले, तर 60 महिन्यांचं संरक्षण पहिल्या 3 लाखांना मिळालं. वाढवलेल्या 2 लाखांची मोजणी 2022 पासून. तुमचं बिल 3 लाख 82 हजार आहे म्हणून हे महत्त्वाचं. रक्कम वाढवली असेल तर वरच्या 82 हजारांसाठी गोळी कधी सुरू झाली त्याचा पुरावा लागेलच.

पॉलिसी अजून पाच वर्षांची झाली नाही अशांनीही धीर सोडू नये. मनमोहन नंदा यांच्या खटल्यात डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाची प्रकृती बघून, तपासून पॉलिसी दिल्यावर, त्याने सांगितलेल्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येत नाही. मात्र पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव फॉर्ममध्ये धडधडीत खोटं लिहिलं असेल तर न्यायालयं कंपनीच्या बाजूनेही उभी राहिली आहेत. फॉर्म एजंटने भरला आणि आपण फक्त सही केली, असं जवळजवळ प्रत्येक घरात असतं. तुमच्या फॉर्मची प्रत कंपनीकडून मागवा आणि बीपीच्या प्रश्नापुढे काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

चौदा दिवस का ठेवलं

फोनवरच्या कारणाची तयारी. डिस्चार्ज समरीवर विसंबू नका, ती दोन पानांत गुंडाळलेली असते. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन सगळे इनडोअर केस पेपर मागा: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, ताप-नाडी-ऑक्सिजनचा तक्ता. हे कागद 72 तासांत देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे बंधनकारक आहे. "कंपनीलाच देतो, तुम्हाला नाही" असं काउंटरवर सांगतील. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि शांतपणे बाकावर बसा.

हे कागद काय करतात त्याचं एक उदाहरण. हिंडलग्याच्या एका आजोबांचा सहाव्या दिवसापुढचा खर्च कंपनीने "फक्त विश्रांती" म्हणून कापला होता. समरीत त्या दिवसांबद्दल एकच ओळ होती, प्रकृती स्थिर. नर्सिंग चार्ट उघडला. नवव्या रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी ऑक्सिजन 84, सक्शन केलं, म्हणजे नळीने कफ ओढून काढला, डॉक्टरांना बोलावलं, मास्क लावला, पहाटे छातीचा एक्स-रे. निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात, त्या नर्सने सगळं लिहून ठेवलं होतं. ती एक ओळ आम्ही पिवळ्या रंगाने खूण करून पाठवली आणि सोबत दुसरं काहीच लिहिलं नाही. कापलेली रक्कम आली.

पक्षाघाताच्या पेशंटला गिळता येत नाही, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती असते, शिरेतून औषधं चालू असतात. आठव्या दिवसानंतर आईला यातलं काय चालू होतं ते तक्त्यात सापडेल. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करा की, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पेशंटला घरी सोडणं का धोक्याचं होतं, हे त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहून द्यावं.

घरचा खर्च: सेवा कुठली आणि उपचार कुठला

आता सगळ्यात अवघड भाग. आपल्या देशातल्या आरोग्य पॉलिसींमध्ये न मिळणाऱ्या गोष्टींची यादी एकसारखी ठरवून दिलेली असते, आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. पाचव्या क्रमांकाखाली विश्रांती, पुनर्वसन आणि देखभाल येते. त्यात साफ लिहिलंय की आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं अशा रोजच्या कामांसाठीची मदत, मग ती घरी असो की संस्थेत, शिकलेल्या नर्सने केलेली असो की आयाने, भरून मिळणार नाही. कंपनी याच कलमाचा आधार घेते आहे.

कुणाचा भाऊ-भाचा अमेरिकेत असतो, तो तिकडचे व्हिडिओ पाठवतो आणि घरात वेगळीच आशा लागते. तिकडे दीर्घकालीन देखभालीचा वेगळा विमा मिळतो. रोजच्या सहा कामांपैकी, म्हणजे आंघोळ, कपडे, खाणं, शौचाला जाणं, शौच-लघवीवर ताबा, उठून दुसरीकडे बसणं यांपैकी दोन कामं माणूस निदान 90 दिवस स्वतः करू शकणार नाही असं ठरलं, किंवा स्मृतिभ्रंशासारखा गंभीर आजार असला, की तो विमा देय होतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तिकडे पैसे मिळतात, नेमकी तीच गोष्ट आपल्या साध्या आरोग्य पॉलिसीत वगळलेली आहे. तिकडचा युक्तिवाद इथे लिहिलात की तुम्ही स्वतःच्या हाताने कबूल केलंत, आईला फक्त देखभाल हवी होती. "आईला स्वतः आंघोळ करता येत नाही, जेवता येत नाही, म्हणून नर्स ठेवली," असं वाक्य मला दर दुसऱ्या तक्रारीत दिसतं. मनापासून लिहिलेलं असतं, आणि तेच क्लेम बुडवतं.

म्हणून तुमच्या 1 लाख 10 हजारांचे ढीग करा. जेवणाच्या टेबलावर बिलं पसरा.

औषधं, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांची भेट, आणि डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेली फिजिओथेरपी हा पहिला ढीग. हा खर्च "घरच्या उपचारा"खाली मागायचाच नाही. तो डिस्चार्जनंतरच्या खर्चाखाली मागायचा. बहुतेक पॉलिसींत त्यासाठी 60 दिवस असतात, काहींत 90 किंवा जास्त. तुमचे दोन महिने त्यात बसतात. हॉस्पिटलचा क्लेम मान्य झाला की हा ढीग त्याच्या मागोमाग येतो, फिजिओबद्दल तुमच्या पॉलिसीत वेगळी मर्यादा नसेल तर. फिजिओच्या बिलावर तारखा, सत्रांची संख्या आणि नोंदणी क्रमांक हवा. "एकूण 30 हजार मिळाले" अशी चिठ्ठी चालत नाही.

नळी बदलणं, सक्शन, इंजेक्शन, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग, म्हणजे शिकलेल्या हातानेच व्हायला हवं असं काम हा दुसरा ढीग. इथे लढायला जागा आहे, पण पॉलिसी उघडून दोन शब्द शोधावे लागतील. एक, घरी घेतलेलं हॉस्पिटलसारखं उपचार, ज्याला डोमिसिलरी हॉस्पिटलायझेशन म्हणतात. ते साधारणपणे तेव्हाच लागू होतं जेव्हा पेशंटला हलवणंच शक्य नव्हतं किंवा हॉस्पिटलात खाट नव्हती. तुमच्या आईला हॉस्पिटलातून घरी आणलं, त्यामुळे हे दार अरुंद आहे. दुसरा शब्द होम केअर ट्रीटमेंट. हे कलम पॉलिसीत असेल तर त्याच्या अटी अशा असतात: डॉक्टरांनी घरी उपचार घ्यायला सांगितलेलं असावं, रोज डॉक्टरांची देखरेख असावी, आणि दिलेल्या उपचाराचा रोजचा तक्ता डॉक्टरांच्या सहीने ठेवलेला असावा. नर्सने वही ठेवली होती का? काय दिलं, किती वाजता, बीपी किती, सक्शन किती वेळा? असेल तर ती वही जपून ठेवा. नसेल तर आता मागच्या तारखा टाकून नवी वही लिहू नका. मी क्लेम विभागात असताना एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली वही पहिल्या नजरेत ओळखायचे, आणि तिच्या संशयात खरा असलेला हॉस्पिटलचा क्लेमही अडकायचा.

आया, डायपर, पलंगाचं भाडं, रात्रीची सोबत हा तिसरा ढीग. हे मिळणार नाही. ही रक्कम मागणीतून स्वतःहून काढून टाका. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण घर खऱ्या अर्थाने याच खर्चाखाली दबतं. पण ही रक्कम काढल्यावर तुमच्या पत्राचं वजन वाढतं. समोरच्याला कळतं की या माणसाने पॉलिसी वाचली आहे.

पत्र कसं लिहायचं

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत रजिस्टर पोस्टानेही पाठवा. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार लेखी हवीच. मनात मराठीतून जुळवा आणि इंग्रजीत करून घ्या. मजकूर एवढाच पुरे:

"आपल्या पत्रात क्लेम नाकारण्याची दोन कारणे दिली आहेत. पहिल्याबाबत: पॉलिसी जून 2018 पासून विनाखंड चालू असून 60 महिने पूर्ण झाले आहेत. फसवणूक झाल्याचा पुरावा आपल्याकडे असल्यास त्याची प्रत द्यावी. दुसऱ्याबाबत: सोबतच्या तक्त्यातील खर्च हा डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने झालेला उपचार आहे, देखभालीचा खर्च आम्ही मागितलेला नाही. हे कारण हॉस्पिटलच्या 14 दिवसांना लागूही होत नाही. क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या निर्णयाची तारीख व प्रत, तसेच प्रस्ताव फॉर्मची प्रत द्यावी. रक्कम व्याजासह अदा करावी."

विलंबाचं व्याज बँक दरापेक्षा 2 टक्के जास्त असतं, ते मागायला लाजू नका. हीच तक्रार विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवा. तिथला टोल-फ्री क्रमांक 155255. पोर्टलवर नोंद झाली की कंपनीला उत्तराची मुदत लागू होते. मध्येच कंपनीने थोडी रक्कम देऊ केली तर घ्या, पण "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर तशीच सही करू नका. "हक्क राखून स्वीकारले" असं लिहून सही करा आणि त्याचा फोटो काढा.

बेंगळूरू की पुणे?

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. पैसे लागत नाहीत, वकील चालत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे जातात, आणि कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षात जावं लागतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. 30 दिवसांत कंपनीने तो पाळला नाही तर तिला दिवसाला 5,000 रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

सीमाभागातल्या माणसाला इथे नेहमी प्रश्न पडतो. कर्नाटकाचं लोकपाल कार्यालय बेंगळूरूला आहे, खानापूरहून रात्रभराचा प्रवास. पुण्याचं कार्यालय जवळचं आणि भाषाही आपली. नियम असा आहे की तक्रारदाराचं राहण्याचं ठिकाण किंवा कंपनीची ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे ती शाखा, यांपैकी एक त्या लोकपालाच्या हद्दीत असावं. तुमची पॉलिसी बेळगावच्या शाखेची असेल तर बेंगळूरूच. पण निपाणी-चिकोडीकडच्या पुष्कळ लोकांनी कोल्हापूरच्या शाखेतून पॉलिसी घेतलेली असते. त्यांना पुण्याचा मार्ग खुला आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर शाखेचा पत्ता असतो, तो बघा. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे बेंगळूरूच्या अंतराला घाबरायचं कारण उरलेलं नाही.

लोकपालाकडे समाधान झालं नाही, किंवा मनस्तापाची भरपाईही मागायची असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, म्हणजे कंपनी मुंबईची असो की चेन्नईची, दावा बेळगावातच. मुदत 2 वर्षांची, पहिल्या नकाराच्या पत्रापासून धरून चाला. लोकपालाकडे गेलेला वेळ त्यात वजा होईल अशा भरवशावर राहू नका. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही. आधी आयोगात गेलात तर लोकपालाचं दार बंद होतं, म्हणून तुमच्यासारख्या क्लेममध्ये मी आधी लोकपालच सांगते.

नावाबद्दलही सांगून ठेवते, कारण याच्यामुळे आपल्याकडे मंजूर झालेले पैसेही अडकतात. आधारावर नाव कानडीतून इंग्रजीत आलेलं, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून, बँकेत तिसरंच स्पेलिंग. कुठे वडिलांचं नाव, कुठे नवऱ्याचं, कुठे नुसतं आद्याक्षर. आईचं नाव पॉलिसी, आधार, पासबुक आणि डिस्चार्ज कार्ड या चौघांवर अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच बघा. जुळत नसेल तर "ही सगळी नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून तक्रारीबरोबरच जोडा. आईला सही करता येत नसेल तर अंगठा, दोन साक्षीदार आणि डॉक्टरांचा दाखला. पॉलिसीत प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारे, तुम्ही असाल तर तुमची सही पुरते.

आणि आईला अजून नळी असेल, तर उद्याच्या सकाळपासून वही सुरू करा. दोनशे पानी साधी वही चालेल. तारीख, वेळ, बीपी, काय दिलं, कुणी दिलं, आणि डॉक्टर घरी आले की त्यांची सही. रागाच्या भरात येत्या जूनचा हप्ता चुकवू नका. क्लेम केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, पण हप्ता तुम्हीच चुकवलात आणि सवलतीच्या मुदतीतही भरला नाहीत, तर 2018 पासून जमवलेले महिने पुसले जातील.